सी प्रोग्राममधून ऑपरेटिंग सिस्टिमच्या कमांड कशा चालवायच्या

टर्मिनलवर आपण हाताने टाइप करतो तीच कमांड आपल्या प्रोग्रामने चालवावी, असं सी शिकणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी वाटतंच. फाइलींची यादी काढणारा, ओळी मोजणारा, फोल्डर झिप करणारा प्रोग्राम मशीनवर आधीच तयार असताना तेच पुन्हा सीमध्ये कोण लिहीत बसणार? आणि हे काम खरोखरच एका ओळीत होतं.

पण त्या ओळीमुळे तुमचा प्रोग्राम आणि ती कमांड यांच्या मध्ये तिसराच एक प्रोग्राम येऊन बसतो: शेल, म्हणजे टाइप केलेली कमांड वाचून तिचा अर्थ लावणारा आणि ती चालवणारा प्रोग्राम. नवख्या माणसाला येणाऱ्या बहुतेक अडचणी शोधत गेलं, तर या शेलपाशीच पोहोचतात. म्हणून पुढे प्रत्येक पायरीवर एक प्रश्न मनात ठेवा: इथे मला शेल हवं आहे का?

फंक्शनांची आणि कमांडची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. नावांच्या मधले हायफन वाचण्याच्या सोयीसाठी आहेत, टाइप करताना ते गाळायचे; ‘-एल’सारख्या पर्यायांच्या सुरुवातीचे हायफन मात्र ठेवायचे. उदाहरणं लिनक्स आणि मॅकची आहेत. विंडोजचं शेवटी पाहू.

पायरी १: सिस्टिम() वापरून सुरुवात

एसटीडी-आयओ आणि एसटीडी-लिब ही दोन हेडर घ्या. मेनमध्ये सिस्टिम() लिहा आणि कंसात, दुहेरी अवतरणचिन्हांत, टर्मिनलवर टाकता तशीच कमांड द्या. उदाहरणार्थ ‘एलएस -एल’. कंपाइल करून चालवा. फाइलींची यादी पडद्यावर येईल, आणि ती संपल्यावरच तुमच्या प्रोग्रामची पुढची ओळ चालेल. सिस्टिम() कमांड संपेपर्यंत थांबतं, हे लक्षात असू द्या.

हे फंक्शन १९८९च्या अ‍ॅन्सी प्रमाणापासून सीच्या मूळ लायब्ररीत आहे. मात्र प्रमाण एवढंच सांगतं, की दिलेली स्ट्रिंग त्या मशीनवरच्या कमांड प्रोसेसरकडे सोपवली जाईल. तो कुठला, स्ट्रिंगचा अर्थ काय लावणार, उत्तर काय येणार, हे सगळं ऑपरेटिंग सिस्टिमवर सोडलेलं आहे. असा प्रोसेसर मुळात आहे का, हे विचारायचं असेल तर स्ट्रिंगऐवजी नल द्या. शून्य नसलेलं उत्तर आलं तर तो आहे.

युनिक्स वळणाच्या सिस्टिमवर तो म्हणजे ‘एसएच’ नावाचं शेल. तुमची स्ट्रिंग ‘-सी’ या पर्यायासह त्याला दिली जाते. लिनक्सवर हे डोळ्यांनी पाहता येतं. प्रोग्राम ऑपरेटिंग सिस्टिमकडे काय काय मागतो ते दाखवणारी ‘एस-ट्रेस -एफ’ ही कमांड लावून आपला प्रोग्राम चालवा आणि येणाऱ्या ओळींत एक्झेक-व्हीई हा शब्द शोधा. आधी तुमचा प्रोग्राम दिसेल, मग एसएच आणि त्यानंतर कुठे एलएस. पुढचे सगळे घोळ समजायला हे एकदा पाहून ठेवलेलं फार उपयोगी पडतं.

यातूनच एक फसवा प्रकार उद्भवतो. टर्मिनलवर तुम्ही बहुधा बॅश किंवा झेडशेल वापरता, पण सिस्टिम() एसएचला बोलावतं. डेबियन आणि उबंटूवर एसएच म्हणजे डॅश. त्याला बॅशच्या खास सोयी, उदाहरणार्थ दुहेरी चौकटी कंसांतली अट, कळत नाहीत. ‘टर्मिनलवर चालतं, प्रोग्राममधून चालत नाही’ या तक्रारीमागे पुष्कळदा एवढंच कारण असतं.

पायरी २: आउटपुटचा क्रम सांभाळा

एक छोटा प्रयोग करा. प्रिंटएफने ‘यादी सुरू’ असं छापा, मग सिस्टिम()ने एलएस चालवा, मग ‘यादी संपली’ छापा. दोन्ही मजकुरांच्या शेवटी नवी ओळ द्या. पडद्यावर सगळं जागच्या जागी येईल. आता तोच प्रोग्राम त्याचं आउटपुट ‘>’ या चिन्हाने एखाद्या फाइलमध्ये वळवून चालवा आणि फाइल उघडा. फाइलींची यादी सगळ्यांत वर, आणि ‘यादी सुरू’ व ‘यादी संपली’ या दोन्ही ओळी तळाशी!

आउटपुट टर्मिनलकडे जात असेल, तर सीची लायब्ररी प्रत्येक ओळीला बफर, म्हणजे मजकूर तात्पुरता साठवायची जागा, रिकामा करते. फाइलकडे जात असेल, तर बफर भरेपर्यंत किंवा प्रोग्राम संपेपर्यंत मजकूर स्वतःजवळच साठवते. एलएस हा वेगळा प्रोग्राम. त्याला तुमच्या बफरचं काही देणंघेणं नाही, तो आपलं लिहून मोकळा होतो. उपाय सोपा आहे: सिस्टिम()च्या आधी एफ-फ्लश() करा आणि त्याला एसटीडी-आउट द्या. ही सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या, कारण हा दोष टर्मिनलवर चाचणी करताना दिसत नाही. तो प्रोग्राम क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप) चालायला लागल्यावर लॉग फाइलमध्ये दिसतो.

पायरी ३: परत आलेला आकडा नीट वाचा

कमांड यशस्वी झाली का, हे सिस्टिम()ने परत केलेल्या आकड्यावरून कळतं. पण तो आकडा जसाच्या तसा वाचायचा नसतो. ‘एक्झिट ३’ एवढीच कमांड देऊन परत आलेली किंमत छापून पाहा. लिनक्सवर ३ नव्हे, ७६८ येतील. ३ गुणिले २५६. एक्झिट कोड वरच्या आठ बिटांत ठेवलेला असतो आणि खालच्या बिटांत, कमांड एखाद्या सिग्नलने, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमकडून आलेल्या इशाऱ्याने, मेली असल्यास, त्या सिग्नलचा क्रमांक असतो.

म्हणून सिस-वेट (इथे हायफनच्या जागी तिरपी रेघ) हे हेडर घ्या आणि त्यातले मॅक्रो वापरा. त्यांची नावं सगळी कॅपिटल अक्षरांत आहेत. आधी किंमत -१ आहे का ते बघा. तसं असेल तर नवी प्रोसेस (म्हणजे चालू असलेला प्रोग्राम) तयारच झाली नाही किंवा तिचं स्टेटस मिळालं नाही. मग डब्ल्यू-इफ-एक्झिटेड विचारा: कमांड आपणहून संपली का? उत्तर हो असेल, तरच डब्ल्यू-एक्झिट-स्टेटसने खरा कोड काढा. ० म्हणजे यश. १२७ म्हणजे बहुतेक वेळा शेलला त्या नावाची कमांडच सापडली नाही, आणि १२६ म्हणजे सापडली पण चालवता आली नाही. बाकी कोडांचा अर्थ त्या त्या कमांडच्या मॅन्युअलमध्ये असतो. मजकूर शोधणारी ग्रेपसारखी कमांड तर काहीच न सापडल्यावर १ देते, त्यामुळे शून्य नाही म्हणजे बिघाडच, असंही धरून चालू नका.

तिसरी शक्यता डब्ल्यू-इफ-सिग्नल्डची. ती वगळावीशी वाटते, पण एक प्रसंग असा आहे जिथे ती लागतेच. अनंत चालणाऱ्या लूपमध्ये सिस्टिम()ने ‘स्लीप ५’ चालवा आणि कंट्रोल-सी दाबा. प्रोग्राम थांबत नाही! कमांड चालू असताना सिस्टिम() तुमच्या प्रोग्रामपुरता तो सिग्नल दुर्लक्षित करतं. स्लीप मरते आणि लूप पुढचा फेरा सुरू करतो. कितीही वेळा दाबा, तेच. लूपमध्ये सिस्टिम() वापरायचंच असेल, तर प्रत्येक फेऱ्यात कमांड सिग्नलने मेली का हे तपासा आणि तसं असल्यास लूप सोडा.

पायरी ४: कमांडची खरंच गरज आहे का?

सिस्टिम()मध्ये ‘सीडी’ लिहून फोल्डर बदलायचा प्रयत्न जवळपास प्रत्येक जण करतो. एरर येत नाही, कोड ० येतो, आणि फोल्डर मात्र होतं तेच राहतं. सीडीने फोल्डर बदललं, पण ते शेलचं. आणि ते शेल त्याच क्षणी संपलं. एक्स्पोर्टने बदललेल्या एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबलचंही तेच होतं. आपल्या प्रोग्रामचं फोल्डर बदलायला सीएच-डिर() आणि व्हेरिएबल ठेवायला सेट-एन्व्ह() ही फंक्शनं आहेत.

तीच गोष्ट फाइल पुसण्याची, नाव बदलण्याची, फोल्डर करण्याची. रिमूव्ह(), रिनेम(), एमके-डिर() हे सगळं थेट हाताशी असताना शेल उठवायचं, त्याने आणखी एक प्रोग्राम उठवायचा, त्याने शेवटी तेच सिस्टिम कॉल करायचे, हा द्राविडी प्राणायाम आहे. शिवाय चुकलं तर हाती फक्त एक कोड येतो; फंक्शन वापरलं तर एर-नो हा चुकीचा क्रमांक पाहून नेमकं कारण कळतं. आजची तारीख हवी असेल तर टाइम() आणि एसटीआर-एफ-टाइम() आहेत. खिडकी बंद होऊ नये म्हणून सिस्टिम()ने ‘पॉज’ चालवणं तर सोडूनच द्या. ते फक्त विंडोजवर चालतं, आणि तेवढ्यासाठी एक गेट-चार() पुरतं.

पायरी ५: कमांडचं उत्तर प्रोग्राममध्ये घ्यायचं असेल तर

सिस्टिम()मुळे आउटपुट पडद्यावर जातं, तुमच्या व्हेरिएबलमध्ये येत नाही. त्यासाठी पी-ओपन() वापरा. हे पॉझिक्स या युनिक्स वळणाच्या सिस्टिमसाठीच्या प्रमाणातलं फंक्शन आहे आणि एसटीडी-आयओमध्येच मिळतं. त्याला दोन गोष्टी द्यायच्या: कमांडची स्ट्रिंग, आणि वाचायचं असल्यास ‘आर’ किंवा लिहायचं असल्यास ‘डब्ल्यू’. परत येतो फाइल पॉइंटर. एफ-ओपन() केल्यावर जसा येतो तसाच. मग एफ-गेट्स()ने नल येईपर्यंत ओळ-ओळ वाचत राहा. काम झालं की पी-क्लोज() करा.

इथे चार गोष्टी खटकतात. एफ-गेट्स() ओळीच्या शेवटचं नवी-ओळ चिन्हही आणतं, ते काढल्याशिवाय तुलना करू नका; नाहीतर दिसायला सारख्या दोन स्ट्रिंग जुळणार नाहीत. दुसरं, कमांडचे एरर संदेश या पाइपमधून (दोन प्रोग्रामना जोडणाऱ्या नळीतून) येत नाहीत, ते सरळ पडद्यावर जातात. तेही हवे असतील तर कमांडच्या शेवटी ‘२>&१’ जोडा, अर्थातच इंग्रजी आकड्यांत. तिसरं, बंद करताना एफ-क्लोज() नको, पी-क्लोज()च हवं. संपलेल्या प्रोसेसची नोंद तेच आवरतं आणि स्टेटसही तेच देतं, ते वाचायचे मॅक्रो पायरी ३मधलेच.

चौथी गोष्ट जरा विचित्र आहे. अस्तित्वातच नसलेली कमांड देऊन पी-ओपन() करा. परत आलेला पॉइंटर नल नसतो! नीट पाहिलं तर बरोबरच आहे: शेल सुरू झालं, पाइप जोडला गेला, म्हणजे पी-ओपन()चं काम झालं. कमांड सापडली नाही हे शेलला नंतर कळतं, आणि तुम्हाला पी-क्लोज()कडून १२७ मिळाल्यावर. त्यामुळे फक्त नल तपासून समाधान मानू नका.

पी-ओपन() एकाच दिशेने चालतं. कमांडला माहिती द्यायचीही आहे आणि तिचं उत्तरही हवं आहे, असं असेल तर पुढची पायरी गाठावी लागते. मधला मार्ग म्हणजे माहिती तात्पुरत्या फाइलमध्ये लिहून कमांडला ती फाइल देणं. साधा आहे आणि निम्म्या कामांना पुरतो.

पायरी ६: बाहेरून आलेली स्ट्रिंग शेलला देऊ नका

इथे जरा थांबा, कारण आतापर्यंतच्या चुकांनी फार तर आउटपुट बिघडत होतं.

समजा, वापरणाऱ्याकडून फाइलचं नाव घेऊन तिच्या ओळी मोजायच्या आहेत. सुचतं ते असं: एस-एन-प्रिंटएफ()ने ‘डब्ल्यूसी -एल’च्या पुढे ते नाव चिकटवायचं आणि झालेली स्ट्रिंग सिस्टिम()ला द्यायची. फाइलचं नाव ‘माझा अहवाल’ असलं की पहिली ठेच लागते. शेल स्पेसपाशी तुकडे करतं आणि डब्ल्यूसी ‘माझा’ व ‘अहवाल’ अशा दोन वेगळ्या फाइली शोधायला जातं. आता कोणी नाव म्हणून ‘; आरएम -आर *’ असं लिहिलं तर? अर्धविरामाने पहिली कमांड संपली, दुसरी सुरू झाली, आणि त्या फोल्डरमधलं सगळं पुसलं गेलं. प्रोग्राम तुमचा, परवानग्या तुमच्या. कमांड मात्र दुसऱ्याची. याला कमांड इंजेक्शन म्हणतात.

नावाभोवती एकेरी अवतरणचिन्हं घातली की झालं, असं वाटतं. नाही होत, नावातच एकेरी अवतरणचिन्ह आलं की तटबंदी फुटली. मग डॉलर, बॅकटिक, नवी ओळ असं एकेक चिन्ह गाळायची यादी करत बसायचं, आणि त्या यादीत काहीतरी राहतंच. माझं मत सरळ आहे: कमांडची स्ट्रिंग कोडमध्ये आधीपासून पूर्ण लिहिलेली असेल, तर सिस्टिम() आणि पी-ओपन() खुशाल वापरा. तिच्यात बाहेरून आलेलं एक अक्षर जरी मिसळत असेल, तर शेल मधून काढा.

स्ट्रिंग सुरक्षित असली, तरी शेल एन्व्हायरन्मेंटमधूनही माहिती उचलतं, हेही विसरू नका. २०१४च्या सप्टेंबरमध्ये उघड झालेला शेलशॉक हा बॅशमधला दोष त्याच वाटेने त्रास देत होता: व्हेरिएबलच्या किमतीत दडवलेला मजकूर बॅश सुरू होतानाच कमांड म्हणून चालवत असे. रूटच्या (सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या) किंवा वाढीव परवानग्यांनी चालणाऱ्या प्रोग्राममध्ये सिस्टिम() वापरू नये असं मॅन्युअलमध्येच स्पष्ट लिहिलेलं आहे.

जाता जाता अ‍ॅरेच्या आकाराबद्दल. ‘माझा अहवाल’ दिसताना सहा अक्षरं आणि एक स्पेस आहे, पण यूटीएफ-८मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा धरून, तीन बाइट घेतं. ते नाव २८ बाइटचं होतं. अंदाजाने छोटा अ‍ॅरे घेतला, तर एस-एन-प्रिंटएफ() बाहेर न लिहिता स्ट्रिंग तोडून देईल, आणि तुटलेली कमांड चालवणं हा वेगळाच धोका. त्याने परत केलेली किंमत अ‍ॅरेच्या आकाराइतकी किंवा जास्त असेल, तर स्ट्रिंग तुटली आहे, तिथेच थांबा.

पायरी ७: फोर्क, एक्झेक, वेट

शेल वगळून कमांड चालवायची ही मूळ पद्धत. सिस्टिम() स्वतःही आतून याच तऱ्हेने काम करतं.

हेडर हवीत: युनि-एसटीडी आणि सिस-वेट. प्रथम एफ-फ्लश() करा. मग फोर्क() बोलवा. ते तुमच्या प्रोसेसची हुबेहूब प्रत काढतं आणि दोन्हीकडे परत येतं: मूळ प्रोसेसमध्ये नव्या प्रोसेसचा क्रमांक घेऊन, नव्या प्रोसेसमध्ये ० घेऊन. प्रत निघालीच नाही तर -१. म्हणून लगेच खाली तीन फाटे असलेली इफ-एल्स लिहा.

० आलेल्या फाट्यात एक्झेक-व्हीपी() बोलवा. त्याला प्रोग्रामचं नाव आणि स्ट्रिंगांचा अ‍ॅरे द्यायचा. आपल्या उदाहरणात अ‍ॅरेत क्रमाने असेल: ‘डब्ल्यूसी’, ‘-एल’, ‘--’, फाइलचं नाव आणि शेवटी नल. अ‍ॅरेची पहिली जागा प्रोग्रामच्या स्वतःच्या नावाची असते, ती सोडू नका. आणि शेवटचा नल विसरलात, तर एक्झेक भलत्याच मेमरीत पुढे वाचत जाईल. ‘--’ कशासाठी? हायफनने सुरू होणारं फाइलचं नाव पर्याय समजलं जाऊ नये म्हणून. आता नावात स्पेस असो, अर्धविराम असो, अवतरणचिन्ह असो. ते जसंच्या तसं एक आर्ग्युमेंट म्हणून पोहोचतं, कारण त्याचा अर्थ लावायला मध्ये कोणीच नाही. त्याच कारणाने ‘*’, ‘|’, ‘>’ हेही चालत नाहीत. ती सगळी शेलची कामं होती.

एक्झेक-व्हीपी() यशस्वी झालं तर परत येतच नाही. त्या प्रोसेसमध्ये आता डब्ल्यूसी चालू असते. म्हणून त्याच्या पुढच्या ओळीला इफ लावायची गरज नाही. तिथे पोहोचलो म्हणजेच बिनसलं. तिथे पी-एरर() करा आणि लगेच सुरुवातीला अंडरस्कोर असलेलं _एक्झिट() १२७ देऊन बोलवा. साधं एक्झिट() नको: ते फोर्कमध्ये प्रत झालेला बफर रिकामा करतं, आणि आधी छापलेला मजकूर दुसऱ्यांदा उमटू शकतो. आणि काहीच लिहिलं नाही तर? तुमच्या प्रोग्रामच्या दोन प्रती पुढचा कोड चालवत सुटतील. हा दोष शोधताना माणूस वेडा होतो.

मूळ प्रोसेसच्या फाट्यात वेट-पीआयडी() बोलवा. त्याला नव्या प्रोसेसचा क्रमांक, स्टेटससाठी एका इंटचा पत्ता आणि ० द्या. स्टेटस वाचायचे मॅक्रो तेच. वेट केलं नाही, तर संपलेली प्रोसेस यादीत झॉम्बी म्हणून पडून राहते. पीएसमध्ये तिच्यासमोर ‘डिफंक्ट’ असं लिहिलेलं दिसतं.

या पद्धतीत आउटपुटही हवं असेल, तर फोर्कच्या आधी पाइप() करा, नव्या प्रोसेसमध्ये डप-टू()ने पाइपचं लिहायचं टोक १ या क्रमांकावर बसवा आणि मूळ प्रोसेसमध्ये वाचायच्या टोकाकडून वाचा. मूळ प्रोसेसमधलं लिहायचं टोक बंद करायला विसरू नका. ते उघडं असेपर्यंत वाचणाऱ्याला ‘संपलं’ ही खूण मिळत नाही आणि प्रोग्राम लटकतो. आधी सगळं वाचून घ्या, मगच वेट करा. लिनक्सवर पाइपमध्ये साधारणपणे ६४ किलोबाइट मावतात. तो भरला की कमांड लिहायला जागा व्हायची वाट पाहते, तुम्ही ती संपायची वाट पाहता, आणि दोघंही बसून राहतात. छोट्या आउटपुटवर हे सगळं सुरळीत चालतं, त्यामुळे चाचणी मुद्दाम मोठ्या फाइलवर करा.

हे फार खटपटीचं वाटलं, तर पॉझिक्स-स्पॉन-पी() पाहा (‘पॉझिक्स’नंतर हायफनच्या जागी अंडरस्कोर). फोर्क आणि एक्झेक एकत्र करून देणारं ते फंक्शन आहे, शेल त्यातही येत नाही, आणि अ‍ॅरे अगदी तसाच द्यायचा असतो.

विंडोजवर असाल तर

सिस्टिम() तिथेही आहे, पण स्ट्रिंग सीएमडी या कमांड प्रोसेसरकडे जाते. म्हणून एलएसऐवजी डिर, आरएमऐवजी डेल. परत येणारा आकडा थेट एक्झिट कोड असतो, मॅक्रो लागत नाहीत. पी-ओपन() आणि पी-क्लोज() यांच्या नावाआधी अंडरस्कोर लावायचा. फोल्डरच्या पत्त्यात उलटी तिरपी रेघ येते, आणि सीच्या स्ट्रिंगमध्ये ती दोनदा लिहावी लागते. एकदाच लिहिली तर तिच्यापुढचं अक्षर मिळून भलतंच चिन्ह तयार होतं.

फोर्क विंडोजवर नाही. शेल टाळायचं असेल तर क्रिएट-प्रोसेस() वापरतात. ते आर्ग्युमेंटांचा अ‍ॅरे घेत नाही, सगळी मिळून एक सलग ओळ घेतं, आणि तिचे तुकडे कसे करायचे हे समोरचा प्रोग्राम स्वतः ठरवतो. म्हणजे स्पेस असलेल्या नावाभोवती दुहेरी अवतरणचिन्हं लावायची जबाबदारी इथे शेल नसतानाही तुमच्यावर राहते. पुढे वेट-फॉर-सिंगल-ऑब्जेक्ट()ने ती प्रोसेस संपायची वाट पाहायची, गेट-एक्झिट-कोड-प्रोसेस()ने कोड काढायचा, आणि प्रोसेस व थ्रेड ही परत मिळालेली दोन्ही हँडल क्लोज-हँडल()ने बंद करायची.